शस्त्राकडे वळणारा हात आणि वडीलधाऱ्यांचे कर्तव्य

(शिक्षक, राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय सुखावह नाही. उसाच्या फडात आणि नारळाच्या बागेत ज्या कोयत्याने कष्टकऱ्याचे पोट भरते, तोच कोयता मिसरूड न फुटलेल्या मुलांच्या हाती शहराच्या गल्लीबोळांत दिसू लागला, ही आपल्या समाजाच्या दृष्टीने चिंतेची बाब होय. २०२२-२३ च्या सुमारास ‘कोयता गँग’ हे शब्द पुणे परिसरातील वृत्तपत्रांतून घरोघरी पोहोचले. पोलिसांनी पकडलेल्यांत अठरा वर्षांखालील मुलेही होती. अशी बातमी वाचली की आपण हळहळतो, “पिढी बिघडली” असे म्हणतो आणि वृत्तपत्राचे पान उलटतो. आपण येथे जमलेले लोक मात्र पान उलटून थांबणारे नाही. आपल्यापैकी प्रत्येकाने एका मुलाची वर्षभर पाठराखण करण्याचे मनावर घेतले आहे. म्हणून आज केवळ उपदेश न करता, हे काम अन्यत्र कसे झाले, कोठे साधले, कोठे फसले आणि त्यातून आपण काय घ्यावे, याचा विचार आपल्यापुढे मांडणार आहे.

ग्लासगोचा अनुभव

स्कॉटलंडमधील ग्लासगो हे जहाजबांधणीसाठी एके काळी जगप्रसिद्ध असलेले शहर. परंतु त्याची दुसरी ओळख भूषणावह नव्हती. १९२० ते १९४० या काळात तेथील टोळ्या दाढीचा वस्तरा हत्यार म्हणून वापरीत. १९३१ मध्ये मुख्य पोलीस अधिकारी म्हणून आलेल्या पर्सी सिलिटो यांनी या टोळ्यांविरुद्ध कडक कारवाई केली. तरीही पुढील पिढीत नव्या टोळ्या उभ्या राहिल्या. १९६८ मध्ये ईस्टरहाउस या वसाहतीत फ्रँकी व्हॉन या लोकप्रिय गायकाने टोळ्यांतील तरुणांना शस्त्रे टाकण्याचे आवाहन केले आणि तेथे तरुणांसाठी केंद्र उभे राहिले. असे प्रयत्न होत राहिले, तथापि मूळ दुखणे कायम राहिले. २००४-०५ या एका वर्षात अवघ्या ५० लाखांच्या आसपास वस्तीच्या स्कॉटलंडमध्ये १३० हून अधिक खून झाले. तेथील खुनांत धारदार शस्त्राचा वापर सर्वाधिक असे.

जानेवारी २००५ मध्ये स्ट्रॅथक्लाइड पोलीस दलाने हिंसा कमी करण्यासाठी एक स्वतंत्र कक्ष स्थापन केला. त्याचे नेतृत्व कॅरिन मॅकक्लस्की आणि जॉन कार्नोकन या दोघांकडे होते. कार्नोकन हे खुनांच्या तपासात मुरलेले अधिकारी. मॅकक्लस्की यांनी आरंभी परिचारिकेचे शिक्षण घेतले होते. पोलीस आणि परिचारिका यांची ही जोडी अर्थपूर्ण आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००२ मध्ये हिंसा हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे आपल्या अहवालात मांडले होते. त्याच विचाराने या कक्षाने काम आरंभिले. पटकीची साथ आली की आपण रोग्याला दोष देत बसत नाही. रोग कोठून येतो, कोणाकडून कोणाकडे जातो, कोणाला आधी जपले पाहिजे, हे शोधतो. हिंसेलाही हाच न्याय लावावयाचा. २००६ पासून या कक्षाचे कार्यक्षेत्र सबंध स्कॉटलंड झाले.

२००८ मध्ये शहराच्या पूर्व भागात या कामाला निराळे रूप मिळाले. टोळ्यांतील तरुणांना न्यायालयाच्या दालनात बोलावण्यात आले. आरोपी म्हणून नव्हे, तर निमंत्रित म्हणून. पोलिसांनी त्यांना स्पष्ट बजावले की यापुढे एकाने आगळीक केली तर सर्व टोळीवर लक्ष राहील. शस्त्रवैद्याने जखमा कशा दिसतात ते सांगितले. मुलगा गमावलेल्या एका मातेने आपले दुःख मांडले. आणि शेवटी त्यांच्या हाती एक दूरध्वनी क्रमांक देण्यात आला : हा मार्ग सोडावयाचा असेल तर शिक्षण, काम, व्यसनमुक्ती आणि सोबतीला एक माणूस, हे सर्व मिळेल. अमेरिकेतील बोस्टन शहराने १९९० नंतरच्या दशकात केलेल्या प्रयोगावरून ही रीत घेतली होती. धाक आणि आधार एकाच वेळी, एकाच ठिकाणाहून देणे, हे तिचे मर्म.

पुढे झालेल्या पाहणीत असे आढळले की, या उपक्रमातील तरुणांमध्ये शस्त्र बाळगण्याचे प्रमाण तुलनेसाठी घेतलेल्या इतर तरुणांपेक्षा बरेच अधिक घटले. प्रत्यक्ष मारामारीच्या बाबतीत मात्र दोन्ही गटांत तसा ठळक फरक दिसला नाही. ही दुसरी गोष्टही मी मुद्दाम सांगतो, कारण कोणताही एक उपाय रामबाण नसतो. २०१५ मध्ये ग्लासगोच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात मार्गदर्शक नेमण्यात आले. भोसकलेला तरुण खाटेवर पडलेला असतो, मित्र बाहेर सुडाच्या गोष्टी बोलत असतात, अशा घटकेस हा मार्गदर्शक त्याच्या उशाशी बसतो आणि पुढची वाट कशी असावी हे विचारतो. पोलीस, डॉक्टर, शिक्षक आणि कार्यकर्ते यांनी वर्षानुवर्षे असे काम केले. २०२२-२३ मध्ये स्कॉटलंडमधील खुनांची संख्या ५२ वर आली. ही घट एका योजनेने झाली असे कोणी म्हणू नये; परंतु हिंसा ही अटळ नियती नव्हे, एवढे त्यावरून नि:संशय सिद्ध होते.

मुलगा शस्त्र का जवळ करतो?

दप्तरात चाकू ठेवणारा प्रत्येक मुलगा क्रूर असतो, हा समज प्रथम मनातून काढावा. अशा मुलांशी बोलणाऱ्यांना पुन:पुन्हा ऐकू येणारे पहिले उत्तर म्हणजे भीती. दुसऱ्या गल्लीतील मुले अडवतील, मारतील, चारचौघांत अपमान करतील. त्यांच्याजवळ शस्त्र असेल, मग माझ्याजवळ का नको? दुसरे कारण प्रतिष्ठेचे. ज्याला वर्गात मान नाही, मैदानावर स्थान नाही, घरी कोणी चार शब्द कौतुकाचे बोलत नाही, त्याला कोयता हाती घेतलेल्या छायाचित्रावर भ्रमणध्वनीच्या पडद्यावर मिळणारी वाहवा हाच मान वाटू लागतो. तिसरे कारण आपलेपणाचे. परिसरातील एखादा ‘भाई’ त्याला नावाने हाक मारतो, खाऊ घालतो, दुचाकीवर मागे बसवतो. जे काम वडीलधाऱ्यांनी करावयाचे ते त्याने केलेले असते, आणि पुढे तो त्याची किंमत वसूल करतो.

येथे एक घातक गैरसमजही सांगणे अवश्य आहे. “मांडीवर वार केला तर माणूस मरत नाही, नुसती अद्दल घडते,” असे मुले एकमेकांना सांगतात. हे सर्वस्वी खोटे आहे. मांडीतून मोठी रोहिणी जाते. ती तुटली तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. प्रौढ माणसाच्या शरीरात रक्त ते किती? सुमारे ५ लिटर. त्यातील दोन लिटर गेले तरी जीव धोक्यात येतो. शस्त्राचा निरुपद्रवी वार असा नसतोच. प्रत्येक मुलाला हे समजले पाहिजे. आणि हेही समजले पाहिजे की कोणी जखमी झाल्यास पळून न जाता १०८ किंवा ११२ या क्रमांकावर कळवावे, स्वच्छ कापडाने जखम घट्ट दाबून धरावी आणि रुतलेले पाते उपसून काढू नये. मित्राच्या रक्ताला घाबरून पळालेल्या मुलांमुळे वाचू शकणारे प्राणही जातात.

केवळ सद्हेतू पुरेसा नाही

आता आपल्या कामातील धोक्याकडे वळू. १९३९ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि सॉमरव्हिल या गावांतील ५०६ मुलांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. निम्म्या मुलांना समुपदेशक मिळाले. ते महिन्यातून सुमारे दोन वेळा घरी येत, अभ्यासात मदत करीत, औषधपाण्याची सोय लावीत, उन्हाळी शिबिरांस पाठवीत. सरासरी पाच वर्षे हे चालले. उरलेल्या निम्म्या मुलांना यातले काहीच मिळाले नाही. जोन मॅकॉर्ड या विदुषीने सुमारे तीस वर्षांनंतर या सर्वांचा शोध घेतला आणि १९७८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांना मदत मिळाली होती त्यांपैकी बहुतेकांनी तिच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली. पण व्यसन, मानसिक आजार, अकाली मृत्यू आणि पुन्हा पुन्हा केलेले गुन्हे या बाबतींत तेच इतरांपेक्षा मागे पडलेले दिसले!

याचे कारण काय असावे? पुढील अभ्यासात एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. उन्हाळी शिबिरांस एकाहून अधिक वेळा पाठविलेल्या मुलांच्या बाबतीत परिणाम अधिक वाईट होते. वांड मुले एकत्र आणून ठेवली की ती आपल्याकडून शिकण्याऐवजी एकमेकांकडून शिकतात. जो अधिक धीट गोष्टी सांगतो, त्याला अधिक हशा आणि टाळ्या मिळतात. सबब, ‘बिघडलेल्या मुलांचा वर्ग’ भरविण्याच्या मोहात आपण पडू नये. एका मुलाला चांगल्या मुलांच्या खेळात, ढोलपथकात, वाचनालयात सामावून घ्यावे. दहा संतप्त मुलांना एका खोलीत बसवून व्याख्यान देऊ नये.

याच्या उलट चित्रही आहे. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या बालन्यायालयातील अर्नेस्ट कूल्टर या लिपिकाने रोज पुढ्यात येणारी मुले पाहून सद्गृहस्थांना आवाहन केले की, प्रत्येकाने एका मुलाचा मोठा भाऊ व्हावे. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीची तपासणी १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. दहा ते सोळा वर्षे वयाच्या ९५९ मुलामुलींच्या या पाहणीत असे दिसले की, ज्यांना असा ‘मोठा भाऊ’ किंवा ‘मोठी बहीण’ मिळाली, त्यांच्यात कोणावर हात उगारण्याचे प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने कमी होते. परंतु २००२ मध्ये त्याच माहितीची अधिक बारकाईने छाननी झाली तेव्हा आणखी एक सत्य हाती आले. ज्यांची सोबत वर्षभर किंवा अधिक टिकली त्यांचा लाभ सर्वांत मोठा होता. ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आत सुटली त्या मुलांचा आत्मसन्मान पूर्वीपेक्षाही खालावला.

मित्रहो, आजच्या व्याख्यानातील एकच गोष्ट लक्षात ठेवावयाची असेल तर ही ठेवा. ज्या मुलाला घरातील माणसांनी, शाळेने, नशिबाने एकदा सोडलेले आहे, त्याला आपणही मध्येच सोडले तर “मी कोणालाच नको आहे” हा त्याचा समज पक्का होतो. वर्षभर वेळ देणे शक्य नसेल तर आजच नम्रपणे नकार द्यावा. त्यात कमीपणा नाही. उत्साहाने सुरू करून गणपती झाल्यावर दिसेनासे होणे, यात मात्र त्या मुलाचे नुकसान आहे.

मार्गदर्शकाची रीत

मार्गदर्शक म्हणजे पोलीस नव्हे, मास्तर नव्हे आणि पैसे पुरविणारा पाहुणाही नव्हे. त्याने ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी यावे. आठवड्यातून एकदा तासभर भेट पुरेशी आहे, पण ती चुकता कामा नये. “येतो” म्हणून न येणाऱ्या माणसांचा अनुभव या मुलांना आपल्यापेक्षा अधिक असतो.

बोलणे उपदेशाने सुरू करू नये. “अरे, कोयता घेऊन फिरतोस, लाज नाही वाटत?” असे विचारले की संवाद तेथेच संपतो. “शाळेतून घरी येताना कोणत्या गल्लीतून यायची भीती वाटते?” असे विचारले तर कदाचित बराच वेळ तो गप्प राहील, परंतु पुढच्या खेपेस म्हणेल, “दादा, त्या पाण्याच्या टाकीपाशी.” मग वाट बदलता येते, सोबत देता येते, त्या टाकीपाशी बसणाऱ्या मुलांच्या वडीलधाऱ्यांशी बोलता येते. भीतीचे कारण दूर झाले तर शस्त्राचे निमित्तही उरत नाही.

अपमान गिळता येणे ही शिकविण्याची गोष्ट आहे. टोमणा आला, ढकलाढकली झाली, पडद्यावर कोणी वेडेवाकडे लिहिले, तर पहिल्या घटकेस काय करावयाचे याचा सराव आधीच करून घ्यावा : तेथून निघणे, उत्तर लगेच न लिहिणे, मार्गदर्शकाला दूरध्वनी करणे. रागाची लाट ओसरेपर्यंत एक रात्र मध्ये गेली तरी पुष्कळ अनर्थ टळतात. तद्वतच मुलाच्या अंगी असलेला एखादा गुण शोधून त्याला काम द्यावे. गाडी दुरुस्त करणारे हात, ताशावर तालात पडणारी काठी, लहान भावंडांना सांभाळण्याची हातोटी यांपैकी काहीतरी प्रत्येकाजवळ असते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा अर्ज भरून देणे हे कधी कधी दहा व्याख्यानांहून मोठे काम ठरते.

काही मर्यादा पहिल्याच दिवशी सांगाव्यात. मुलाच्या गोष्टी आपण चव्हाट्यावर आणणार नाही. परंतु त्याच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर गप्प बसणार नाही. हे आधी सांगितलेले असेल तर पुढे तो विश्वासघात ठरत नाही. भेटी पालकांच्या संमतीने आणि चारचौघांच्या नजरेसमोरच्या जागी व्हाव्यात. ज्या संस्था मार्गदर्शक नेमतात त्यांनी त्या माणसाची पूर्ण चौकशी करावी. मुलांचे रक्षण आपल्यापासूनही झाले पाहिजे. संकटातील बालकासाठी १०९८ हा क्रमांक प्रत्येकाला पाठ असावा.

कायद्याचा आधार

आपल्या राज्याला हा विचार नवा नाही. मुंबई इलाख्यात मुलांसाठी स्वतंत्र कायदा १९२४ मध्येच झाला. आज बालन्याय अधिनियम, २०१५ लागू आहे. या कायद्यान्वये अठरा वर्षांखालील मुलाला पोलीस कोठडीत अथवा तुरुंगात ठेवता येत नाही. परिवीक्षा अधिकारी त्याच्या घरची, शाळेची व परिस्थितीची पाहणी करून अहवाल देतो. बाल न्याय मंडळ त्याला समुपदेशन, समाजसेवा किंवा योग्य व्यक्तीच्या देखरेखीखाली परिवीक्षेवर सोडणे, असे आदेश देऊ शकते. ही ‘योग्य व्यक्ती’ समाजातूनच यावयाची असते. अतिगंभीर गुन्ह्यात सोळा ते अठरा वयोगटातील मुलाची प्राथमिक तपासणी होऊन त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालू शकतो, हेही मुलांना ठाऊक असावे. “अठरा पूर्ण होईपर्यंत काही होत नाही” असे सांगून मुलांना पुढे करणारे लोक त्यांची फसवणूक करतात. आणि अशा लोकांसाठीही कायद्यात तरतूद आहे : बेकायदा कामासाठी मुलांचा वापर करणाऱ्या प्रौढास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड होऊ शकतो.

वस्ताद आणि पठ्ठे

शेवटी आपल्या मातीतील एका गोष्टीचे स्मरण करून देतो. कोल्हापूर, पुणे, सांगली येथील तालमींत वस्ताद आणि पठ्ठा हे नाते पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. वस्ताद पठ्ठ्याला डाव शिकवतो, त्याच्या खुराकाची चौकशी करतो, पहाटे आला नाही तर घरी निरोप धाडतो. आणि तालमीत कमावलेली ताकद रस्त्यावरच्या भांडणात वापरावयाची नाही, हेही बजावतो. अंगात बळ असलेल्या तरुणाला संयम शिकविण्याची ही आपली शाळाच होती. लाल माती कमी झाली तरी ते नाते कमी होण्याचे कारण नाही. क्रिकेटचा प्रशिक्षक, ढोलपथकाचा प्रमुख, अभ्यासिकेचा चालक, रात्रशाळेतील शिक्षिका यांतील प्रत्येकजण वस्ताद होऊ शकतो.

शाळांनाही यात मोठा वाटा उचलता येईल. १९९३ मध्ये बोस्टनमधील एका विद्यापीठात सुरू झालेली एक पद्धत पुढे स्कॉटलंडमधील शाळांनी स्वीकारली. तीत वरच्या वर्गातील विद्यार्थी प्रशिक्षण घेऊन खालच्या वर्गातील मुलांचे मार्गदर्शक होतात आणि कोणी शस्त्र आणल्याचे किंवा कोणाला छळल्याचे दिसले तर बघ्याची भूमिका न घेता काय करावे, याची चर्चा घडवून आणतात. १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी आरंभिलेल्या राष्ट्रीय सेवा योजनेचे स्वयंसेवक आपल्या गावोगावच्या महाविद्यालयांत आहेत. श्रमदानाने रस्ते बांधणाऱ्या या हातांना शेजारच्या शाळेतील आठवी-नववीच्या मुलांचे मोठे भाऊ-बहीण होणे अवघड नाही.

बंदोबस्त वाढवावा, शस्त्रांच्या विक्रीवर लक्ष ठेवावे, गुन्हेगारांना शासन व्हावे, हे सर्व झालेच पाहिजे. परंतु पोलीस पोहोचतात तोवर पाते बहुधा म्यानाबाहेर आलेले असते. त्यापूर्वीचे महिने आणि वर्षे आपल्या हाती आहेत. जखमी मुलगा आणि त्याला जखमी करणारा मुलगा हे बहुतेक वेळा एकाच वस्तीतले, एकाच वयाचे आणि एकाच प्रकारच्या एकाकीपणातून आलेले असतात. एका क्षणात एकाचे आयुष्य संपते आणि दुसऱ्याचे नासते. दोन घरांच्या उंबरठ्यावर दोन माता बसून राहतात.

आज येथून जाताना प्रत्येकाने एका मुलाचे नाव मनाशी धरावे. पुढच्या आठवड्यात त्याला भेटावे, त्याच्यापुढच्या आठवड्यातही भेटावे, आणि वर्ष सरेपर्यंत भेटत राहावे. हे काम लहान वाटेल. पण अशा लहान कामांच्या सातत्यावरच समाजाची सुरक्षितता उभी असते. 

जय हिंद! जय महाराष्ट्र!